शनिवारी शाळा बघायला जाऊ नये

नर्सरीच्या प्रवेशाच्या फॉर्ममध्ये ‘आपल्या पाल्याची बलस्थाने लिहा’ असा रकाना होता आणि खाली चार ओळी मोकळ्या. मुक्ता तेव्हा एक वर्ष अकरा महिन्यांची होती. तिची बलस्थाने म्हणजे फिरत्या पंख्याकडे बघून खदखदून हसणे आणि वरणभात भिंतीला लावणे. नवऱ्याने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. म्हणाला, “तूच लिही. नोटिशींना उत्तरं द्यायची सवय तुला आहे.”

फॉर्मला आणखीही बरंच काही हवं होतं. आईवडिलांचं शिक्षण, तेही कुठल्या कॉलेजातून, हुद्दा, घर स्वतःचं की भाड्याचं, घरात कोणत्या भाषा बोलतात, आईवडिलांपैकी कोणी त्यांच्याच मोठ्या शाळेत शिकलंय का. शेवटी दोनशे शब्दांचा निबंध: आमचीच शाळा का? हा निबंध आता सगळेच चॅटजीपीटीकडून लिहून घेतात, आणि वाचणाऱ्यांनाही ते ठाऊक असणार, पण रिकामा सोडायची कुणाची छाती होत नाही. नोंदणीचे अडीच हजार, परत न मिळणारे.

हे २०२३ च्या ऑक्टोबरमधलं. आम्ही प्रभादेवीला राहतो. मी सीए, नवरा बँकेत, सासूबाई आमच्याकडेच. जून २०२४ च्या नर्सरीसाठी शोध सुरू केला तेव्हा आपण चांगले आठ महिने आधी निघालोय या भ्रमात मी होते. आमच्या इमारतीतल्या आयांनी तो लिफ्टमध्येच उतरवला. “प्लेग्रुप नाही केला?” एकीने असं विचारलं, जसं काही मी पोलिओचा डोस चुकवला होता.

त्यामागचा हिशेब कळायला मला थोडा वेळ लागला. नावाजलेल्या प्रीस्कूलमध्ये खरी भरती दीड-दोन वर्षांच्या प्लेग्रुपला होते. ती मुलं पुढच्या वर्षी आपसूक नर्सरीत सरकतात. बाहेरून येणाऱ्यांना उरतात त्या जेमतेम चार-सहा जागा, त्यातही आधी आतल्या मुलांची भावंडं, मग माजी विद्यार्थ्यांची मुलं. म्हणजे जाहिरातीत ‘नर्सरी प्रवेश सुरू’ असं असलं तरी दार किलकिलंच असतं. दक्षिण मुंबईतल्या काही ठिकाणी तर मूल जन्मल्याबरोबर नाव नोंदवून ठेवतात. आमच्या ओळखीतल्या एकीने बाळाचं बारसं व्हायच्या आधी फॉर्म भरला होता. नावाच्या जागी ‘बेबी ऑफ’ लिहून.

वयाचा वेगळाच घोळ. महाराष्ट्रात २०२० च्या शासननिर्णयाने ३१ डिसेंबर ही तारीख धरली: त्या दिवशी तीन वर्षं पूर्ण होत असतील तर नर्सरी, सहा होत असतील तर पहिली. मुक्ता नोव्हेंबरची. म्हणजे जूनमध्ये ती अडीच वर्षांची असताना कायद्याने नर्सरीला पात्र, आणि वर्गात सगळ्यात लहान. तिच्या शेजारी बसणारं जानेवारीचं मूल तिच्याहून दहा महिन्यांनी मोठं. तीस वर्षांच्या माणसाला दहा महिने काहीच नाहीत. अडीच वर्षांच्या मुलीला ते तिच्या आयुष्याचा तिसरा हिस्सा. काही शाळा आपली स्वतःची वेगळी तारीख धरतात, विशेषतः ऑगस्टमध्ये वर्ष सुरू करणाऱ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या. त्यामुळे एका ठिकाणी मुक्ता नर्सरीची, दुसऱ्या ठिकाणी प्लेग्रुपची, आणि तिसऱ्या ठिकाणच्या बाईंनी सांगितलं, “दोन्ही चालेल, तुम्ही ठरवा.” ही नोव्हेंबरची जन्मतारीख पुढे फार उपयोगी पडली, ते येईलच.

आता ज्या गोष्टीभोवती हा सगळा बाजार फिरतो ती. अमुक प्रीस्कूल ‘फीडर’ आहे, म्हणजे तिथली मुलं तमुक मोठ्या शाळेत जातात. हे शाळा लेखी कधीच देत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर याद्या फिरतात, कोणाच्या तरी वहिनीने बनवलेल्या. आम्हाला पाठवलेल्या यादीत शाळांची नावं होती, पुढे कंसात मोठ्या शाळांची नावं आणि त्यापुढे तारे, एक ते पाच. तारे कोणी दिले, कशावरून दिले, विचारायची सोय नाही. पण ती यादी आम्ही दोघांनी इतक्या वेळा वाचली की घरकर्जाचा करारही तेवढा वाचला नव्हता.

सासूबाईंनी यादी बघितली, चष्मा काढला आणि विचारलं, “यात शिशुविहार नाही का गं?”

त्या स्वतः साठच्या दशकात दादरच्या हिंदू कॉलनीतल्या शिशुविहारमध्ये गेलेल्या. ताराबाई मोडकांनी १९३६ साली ती सुरू केली. त्याआधी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम करून, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढून त्या मुंबईला आल्या होत्या; पुढे अनुताई वाघांना घेऊन बोर्डीला आणि मग कोसबाडला गेल्या, वारली मुलांसाठी अंगणातच शाळा भरवायला. सासूबाईंना यातलं काही सांगायचं नव्हतं. त्यांना एवढंच आठवत होतं की तिथे छोटी झाडू होती, हाताच्या मापाची, आणि वर्ग झाडायला पोरांची भांडणं लागायची.

मराठी माध्यमाचा विचार आम्ही केला नाही. खोटं कशाला बोलू? नवरा आणि मी दोघंही मराठी शाळेतले, आणि दोघांनीही कॉलेजच्या पहिल्या वर्षात वर्गात तोंड उघडायला घाबरून काढलेले दिवस आठवून इंग्रजी माध्यम आधीच ठरवलं होतं. सासूबाईंनी वाद घातला नाही. “तुमची पोर,” म्हणाल्या. पण त्या झाडूची गोष्ट माझ्या डोक्यात राहिली, कारण पुढच्या महिन्यात तसलीच छोटी झाडू मला एका चकचकीत शाळेत काचेच्या कपाटात ठेवलेली दिसली. खाली पाटी: प्रॅक्टिकल लाइफ एरिया.

ही शाळा लोअर परळला, गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या संकुलात. स्वागतकक्षात गवती चहाचा वास, हवा शुद्ध करणारं यंत्र, आणि त्यावर हवेचा आकडा दाखवणारा हिरवा पडदा. कोऑर्डिनेटर मॅडम हातात टॅब घेऊन आम्हाला फिरवत होत्या. आमची पद्धत माँटेसरी आहे आणि रेजिओ-इन्स्पायर्डसुद्धा, असं त्यांनी सांगितलं. वार्षिक फी तीन लाख दहा हजार.

घरी येऊन मी वाचत बसले. मारिया माँटेसरींनी पहिलं बालघर काढलं ते १९०७ साली, रोमच्या सॅन लोरेन्झो या कामगारवस्तीत. आईबाप कामाला गेल्यावर चाळींच्या जिन्यांत उच्छाद मांडणाऱ्या पोरांसाठी. रेजिओ एमिलिया हे इटलीतलं शहर. दुसरं महायुद्ध संपल्यावर त्याच्या लगतच्या एका खेड्यातल्या लोकांनी जर्मन सैन्याने मागे टाकलेला रणगाडा, ट्रक आणि घोडे विकले आणि आलेल्या पैशांतून बालशाळा बांधायला घेतली. १९६३ पासून त्या शहराची नगरपालिका स्वतः अशा शाळा चालवू लागली. म्हणजे एक पद्धत चाळीतल्या पोरांची, दुसरी नगरपालिकेच्या बालवाडीची. आणि दोन्ही एकत्र करून गिरणगावात, जिथे खरोखरच्या चाळी होत्या, तीन लाखांना. मी हे जेवताना सांगितलं. नवरा म्हणाला, “रणगाडा विकायला आपल्याकडे कुठे आहे?”

विनोद सोडला तर एक गोष्ट खरंच कामाची कळली. माँटेसरी हे नाव कोणीही पाटीवर लावू शकतं, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. खऱ्या माँटेसरी वर्गात अडीच ते सहा वयाची मुलं एकत्र असतात. तिसऱ्या वर्षी मोठी झालेली मुलं धाकट्यांना करून दाखवतात, आणि सगळी मेख त्या तिसऱ्या वर्षात आहे. मुंबईत ते वर्ष येतच नाही. मोठ्या शाळांची भरती ज्युनियर केजीला होते, काहींची तर नर्सरीलाच, आणि साडेतीन-चार वर्षांची मुलं प्रीस्कूल सोडून जातात. उरतात ती फक्त धाकटी. त्यामुळे ‘तुमच्याकडे पाच वर्षांची किती मुलं आहेत?’ हा एक प्रश्न विचारला की पाटीवरचं माँटेसरी किती खोल आहे ते समजतं. लोअर परळला मी विचारलं. मॅडमनी टॅबवर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “मी तुम्हाला मेल करते.”

आम्हाला ही शाळा शनिवारी दाखवली होती. ते लक्षात यायला उशीर लागला नाही, कारण सगळं इतकं नीटनेटकं होतं की कुठे एक ओला मोजाही पडलेला नव्हता. मुलंच नव्हती. ‘वर्किंग पेरेंट्ससाठी वीकेंड टूर’ ही सोय म्हणून सांगतात, पण शनिवारी दिसते ती खोली. मी आठवड्यातल्या दिवशी साडेदहाला यायचं म्हटल्यावर ‘मुलांचं लक्ष विचलित होतं’ असं उत्तर आलं. ज्या शाळेत अनोळखी बाई दारात दहा मिनिटं उभी राहिल्याने मुलांचं बिनसतं, तिथे रोजच काहीतरी बिनसत असणार, असं माझं मत झालं. शिवाय भिंतीवरच्या शिक्षकांच्या फोटोंपैकी निम्म्या जणी सोडून गेल्या होत्या. हे मला तिथल्या वॉचमनने सांगितलं, मी गाडीची वाट बघत असताना, न विचारता.

आणखी एक शाळा माझ्या यादीतून पाच मिनिटांत बाद झाली. तिथल्या समुपदेशक बाई गोड बोलत होत्या. फॉर्मवर ‘घरची भाषा: मराठी’ वाचून त्यांनी सुचवलं की जूनपर्यंत घरात थोडं इंग्रजी वाढवलंत तर मुलीला सेटल व्हायला सोपं जाईल. “आजींनाही सांगा,” म्हणाल्या. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी त्यांच्या स्वच्छ, कॉन्व्हेंटमध्ये तीस वर्षं गणित शिकवलेल्या इंग्रजीत विचारलं की बाळाला शू लागली तर ते ती आधी कोणत्या भाषेत सांगेल, आणि ती भाषा इथे कोणाला कळेल. उत्तर देता देता बाईंची वेळ संपली.

त्या प्रश्नाने माझी मात्र दिशा बदलली. तोवर मी फी, अभ्यासक्रम, फीडर, अंतर असं तक्त्यात भरत होते. एक्सेल माझा हातचा मळ. पण अडीच वर्षांची मुलगी तीन तास घराबाहेर राहते तेव्हा तिचं नेमकं काय होतं? ती रडते, भूक लागते, चड्डीत होते, कोणी ढकलतं, झोप येते. या पाचही वेळी तिच्याजवळ कोण असतं? माहितीपत्रकात त्या व्यक्तीचा फोटो नसतो. मुंबईच्या शाळांमध्ये तिला मावशी म्हणतात.

दादर पारशी कॉलनीत, फाइव्ह गार्डन्सच्या जवळ, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर ती शाळा. यादीत तिला पाच तारे होते. दाराशी पाटीसुद्धा धड दिसत नाही, वेबसाइट दहा वर्षांपूर्वीची वाटते, आणि चालवणाऱ्या बाई सत्तरीच्या. मी फोनवर विचारलं, कधी येऊ? “सकाळी ये. पोरं असतील तेव्हा ये. रिकामी शाळा बघून काय करणार?”

बुधवारी सकाळी गेले. आत आवाज होता, थोडा वाळूचा, थोडा दुधाचा वास होता, आणि एक मुलगा जमिनीवर पालथा पडून मन लावून रडत होता. एक तरुण टीचर त्याच्या बाजूला मांडी घालून बसली होती, त्याला न उचलता, न समजावता. बाई म्हणाल्या, “तू बघून घे. मी कशाला सांगू?” आणि खरंच आपल्या टेबलाकडे निघून गेल्या.

मी सरळ बाथरूम गाठलं. लहान उंचीचे तीन कमोड, फरशी ओली पण घासलेली, आणि भिंतीला लाकडी फडताळ. त्यात प्रत्येक मुलाच्या कपड्यांची पिशवी, वर धोब्याच्या न पुसणाऱ्या शाईने नाव. एक मावशी उकिडव्या बसून एका मुलीची चड्डी बदलत होत्या. डाव्या हाताने मुलीला आपल्या खांद्याचा आधार दिलेला, उजव्या हाताने काम, आणि तोंडाने सगळं सांगत होत्या: आता हा पाय, आता तो पाय, आता वर ओढू. मुलगी गुजराती असावी. तिला कळत होतं. मला बघून त्या आधी ‘मॅडम’ म्हणाल्या, मी मराठीत बोलल्यावर ‘ताई’.

“इथे किती वर्षं झाली, मावशी?”

“बावीस. ती दुसरी आहे ना, शकुंतला, ती माझ्याआधीची.”

“सगळी पोरं सांगतात का हो, लागली की?”

“कुठली सांगतात, ताई! सांगणारं पोर सोपं. न सांगणारं कोपऱ्यात जातं, भिंतीकडे तोंड करून उभं राहतं. कुणी पडद्यामागे जातं. एक होता तो गाणं म्हणायचा. प्रत्येकाचं वेगळं. पहिल्या पंधरा दिवसांत आम्ही बघून ठेवतो.”

मुक्ता जेवणाच्या टेबलाखाली जाते. हे तोवर मी आणि सासूबाई सोडून जगात कोणाला माहीत नव्हतं.

मावशी नायगावच्या बीडीडी चाळीत राहतात. बोलता बोलता त्यांनी सांगितलं की त्यांचा नातू तिथल्याच एका इंग्रजी नर्सरीत जातो, वर्षाला अठरा हजार, आणि ती शाळा चांगली नाही. मी विचारलं, कशावरून? “तिथं दर दोन महिन्यांनी मावशी बदलते.”

राष्ट्रीय बाल हक्क आयोगाने २०१७ मध्ये खासगी प्लेस्कूलसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. वीस मुलांमागे एक शिक्षिका आणि एक मदतनीस, दिवसाला तीन ते चार तास, असं त्यात आहे. त्या बंधनकारक नाहीत, आणि राज्य सरकारने खासगी पूर्वप्राथमिक शाळांना पोर्टलवर साधी नोंदणी करायला सांगितली तीही २०२५ मध्ये. म्हणजे आम्ही शोधत होतो तेव्हा ही सगळी दुकानं फक्त पालकांच्या नजरेच्या भरवशावर चालू होती. पारशी कॉलनीत अठरा मुलांमागे दोन टीचर आणि एक मावशी. लोअर परळला पंचवीस मुलांमागे दोन टीचर, आणि मावशी ‘मजल्याला एक’.

फीचं बोलते, कारण त्यात माझा जीव रमतो. पारशी कॉलनीतली फी वर्षाला एक लाख पंच्याऐंशी हजार, दोन हप्ते, प्रवेशाचे एकदाच पंचवीस हजार, अनामत पन्नास हजार, परत मिळणारी, बिनव्याजी. लोअर परळला अनामत एक लाख. बिनव्याजी अनामत म्हणजे शाळेला तुम्ही दिलेलं फुकटचं कर्ज. लाखावर सात टक्के धरा, वर्षाचे सात हजार. दोनशे मुलांचे चौदा लाख. मॅडम सँडपिटची वाळू कुठून मागवतात ते सांगत असताना मी मोबाइलवर हा हिशेब केला. दुसरी गोष्ट: प्लेस्कूल-नर्सरीची ट्यूशन फी आयकराच्या वजावटीत (तेव्हाचं कलम ८०सी) दाखवता येते, पण फक्त ट्यूशन फी, आणि जुनी करप्रणाली ठेवली असेल तरच. देणगी, विकास निधी, बस यांतलं काही चालत नाही. त्यामुळे पावतीवर ‘कंपोझिट फी’ असा एकच आकडा छापणाऱ्या शाळेकडून फोड मागून घ्यावी. अर्थात बहुतेक पगारदारांची दीड लाखांची मर्यादा पीएफ आणि विम्यातच संपलेली असते, तरी मागावी. फोड मागितल्यावर कार्यालय कसं वागतं त्यावरून पुढच्या दोन वर्षांचा अंदाज येतो.

महाराष्ट्रात पूर्वप्राथमिक प्रवेशासाठी मुलाखती घेण्यावर बंदी आणणारा कायदा १९९६ सालचा आहे. त्यामुळे मुलाखत होत नाही, ‘इंटरॅक्शन’ होतं. लोअर परळच्या शाळेने बोलावलं तेव्हा आम्ही गेलो. बाद केलेली शाळा असली तरी हातात दुसरं काही नव्हतं. गालिचावर पाच मुलं, भिंतीशी दहा पालक, मध्ये दोन बाया क्लिपबोर्ड घेऊन. एक मुलगा आकार ओळखत होता, साधे नाहीत, ‘हेक्सगॉन’ वगैरे. त्याच्या वडिलांच्या चेहऱ्यावर निकाल लागल्यासारखं तेज. मुक्ताने आधी स्वतःचे मोजे काढले, मग त्या मुलाचे. तो खूश झाला. त्याची आई नाही. नंतर आम्हाला वेगळ्या खोलीत नेऊन इंग्रजीत विचारलं की पालक म्हणून तुमच्या कोणत्या गोष्टी नॉन-निगोशिएबल आहेत. मी वाचन, आदर वगैरे जुळवत होते, तोवर नवऱ्याने खरं उत्तर दिलं: “स्लीप.”

आणि तिथेच प्रवेश मिळाला. बहुधा मोज्यांमुळे.

मेल शुक्रवारी संध्याकाळी आला. अभिनंदन, बुधवारपर्यंत प्रवेश फी आणि अनामत मिळून एक लाख साठ हजार भरा, अन्यथा जागा पुढच्याला जाईल. पारशी कॉलनीचा निकाल त्यानंतर दोन आठवड्यांनी होता. हा योगायोग नसतो. जी शाळा मागे आहे ती आधी निकाल लावते आणि मुदत आखूड ठेवते, म्हणजे घाबरलेले पालक पैसे गुंतवतात. मग पुढची शाळा मिळाली तरी प्रवेश फी बुडते. काहीजण दोन-तीन ठिकाणी पैसे भरून जागा अडवून ठेवतात आणि मार्चमध्ये रद्द करतात. त्या जागा एप्रिलमध्ये गुपचूप मोकळ्या होतात, आणि ज्यांनी फोन करायचा कंटाळा केला नाही त्यांना मिळतात. हेही सांगून ठेवते.

त्या शनिवार-रविवारी घरात दुसरा विषय नव्हता. नवऱ्याचं म्हणणं, भरून टाकू, साठ हजार बुडाले तर बुडाले, विमा समजू. माझं म्हणणं, जिथे मी तिला पाठवणार नाही तिथला विमा कशाचा? तो म्हणाला, “आणि तिथे नाही मिळालं तर?” मी पारशी कॉलनीत फोन केला. बाईंनी ऐकून घेतलं. “तारीख ठरली आहे, त्याआधी मी कोणालाच सांगत नाही. तुला भरायचे तर तिथे भर. मला राग नाही.” फोन ठेवला.

निर्णय शेवटी सासूबाईंनी घेतला, भाजी निवडता निवडता. “नोव्हेंबरची आहे ती. एक वर्ष घरी राहिली तरी पुढच्या वर्षी वर्गात मोठ्यांत जमा. काय बिघडतंय? मी आहे.” खरंच काही बिघडत नव्हतं. ज्या तारखेने आम्हाला घाईत लोटलं होतं त्याच तारखेत थांबायची सोय होती, आणि ती आमच्यापैकी कोणाला सुचली नव्हती. अर्थात ‘मी आहे’ असं म्हणणारी आजी घरात असणं ही या शहरात सगळ्यात महागडी गोष्ट. ज्यांच्याकडे ती नाही त्यांनी बुधवारी पैसे भरले तर मी त्यांना नावं ठेवणार नाही. आम्ही भरले नाहीत.

पारशी कॉलनीत जागा मिळाली. चेक द्यायला गेले तेव्हा मी बाईंना ती पाच ताऱ्यांची यादी दाखवली आणि विचारलं, हे कसं जमतं? त्या हसल्या. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्या कोणाला कुठेच पाठवत नाहीत, कोणाला चिठ्ठी देत नाहीत. त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या येणाऱ्या घरांतले आईबाप त्या मोठ्या शाळांचे माजी विद्यार्थी. त्यांची मुलं तशीही तिथेच जाणार होती. “ती माझ्याकडून नाही जात. ती फक्त माझ्याकडे थांबून जातात.”

माझ्यासारख्या आकड्यांवर पोट भरणाऱ्या बाईला हे आधी दिसायला हवं होतं असं कोणी म्हणेल. म्हणोत. सगळं शहर तीच यादी वाचतंय.

मुक्ता पहिले काही दिवस दारात माझा दुपट्टा धरून रडली. मग एक दिवस दुपट्टा सोडून मावशींचा पदर धरून रडायला लागली. बाईंनी ही प्रगती असल्याचं सांगितलं. पहिल्या आठवड्यातच मावशींनी मला बाजूला घेऊन विचारलं, “ताई, ही टेबलाखाली जाते का हो घरी?” टीचरने दिवाळीपर्यंत काय शिकवलं ते मला नीट सांगता येणार नाही. माती मळली, पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतलं, एकमेकांच्या डब्यातलं खाल्लं. ती घरी मराठीच बोलते, फक्त बाहुलीला इंग्रजीत दटावते.

त्याच हिवाळ्यात ज्युनियर केजीचे फॉर्म भरायची वेळ आली. तिच्या वर्गातली तीन मुलं यादीत कंसात असलेल्या मोठ्या शाळेत गेली. दोघांची मोठी भावंडं तिथे होती, तिसऱ्याची आई तिथली माजी विद्यार्थिनी. मुक्ता आता माटुंग्याच्या एका आयसीएसई शाळेत आहे. घरापासून पंधरा मिनिटं, मोठं मैदान, वर्गात चाळीस मुलं. अनामतीचे पन्नास हजार पारशी कॉलनीतून जूनमध्ये चेकने परत आले, न मागता.

आता आमच्या इमारतीतल्या नव्या आया मला फोन करतात. मी त्यांना सांगते, बुधवारी जा, साडेदहाला जा, आधी बाथरूम बघा, मावशी किती वर्षांची जुनी आहे ते विचारा, पाच वर्षांची मुलं किती आहेत ते विचारा. त्या सगळं शांतपणे ऐकून घेतात. मग थोडं थांबून विचारतात, “ते झालंच. पण तिथली मुलं पुढे जातात कुठे?”

आणि मी त्यांना यादी पाठवते.